पत्र्याचे डक्ट आणि त्यांचे जोडभाग : घाटाखालच्या उन्हाळ्याच्या संदर्भात एक आढावा

एका ठिकाणी तापवलेली किंवा गार केलेली हवा पंख्याच्या जोराने खोल्याखोल्यांत पोचवण्याच्या पद्धतीत हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळाला डक्ट म्हणतात. त्या नळाला वळवणारे, फोडणारे, रुंद किंवा अरुंद करणारे, चौकोनाचा गोल करणारे जे तुकडे पत्रा कापून आणि दुमडून तयार केले जातात त्यांना कारागिरांच्या बोलीत सरसकट फिटिंग म्हटले जाते आणि येथे त्यांच्यासाठी जोडभाग हा शब्द वापरला आहे. यंत्रणा विकत घेणाऱ्याचे लक्ष ब्लोअरच्या अश्वशक्तीवर असते, ठेकेदाराचे लक्ष पत्र्याच्या क्षेत्रफळावर असते, आणि जोडभाग सरळ डक्टबरोबर त्याच चौरस फुटाच्या हिशेबात निमूटपणे मोजले जातात. हवेचा जोर प्रत्यक्षात कोठे खर्च होतो हे तपासले तर मात्र हा हिशेब उलटा ठरतो, कारण सरळ नळ हवेला फारसे अडवत नाही, अडवतो तो बेंड.

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात पाहण्याला विशेष कारण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले असून बुलढाणा, चिखली, मेहकर हा प्रदेश घाटावरचा आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील प्रदेश घाटाखालचा म्हणून ओळखला जातो. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, तर घाटाखालची गावे त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर, काळ्या जमिनीच्या सपाटीत वसलेली आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथील दुपारची हवा चाळीस अंशांच्या वर जाते व त्याच वेळी अत्यंत कोरडीही असते. हिवाळ्यात घर तापवण्याची गरज येथे जवळजवळ नाही, म्हणून थंड देशांतील फर्नेस, म्हणजे घराची हवा तापवणारी मध्यवर्ती भट्टी, येथे आढळत नाही. तिच्या जागी पाण्याने हवा गार करणारा मोठा कूलर आणि त्याला जोडलेला डक्ट मंगल कार्यालयांत, दुकानांत, शिकवणी वर्गांत आणि छोट्या कारखान्यांत दिसतो. त्याचबरोबर या कापूसपट्ट्यातील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, हवेच्या जोरावर कापूस वाहून नेणारे पत्र्याचे नळही आहेत. दोन्हींचा हेतू वेगळा असला तरी पत्रा तोच आणि वळणाचा नियमही तोच.

हवेच्या वाटेने गेले तर जोडभागांची ओळख आपोआप होते. ब्लोअरच्या तोंडाशी प्रथम कॅनव्हासची पट्टी येते; जाड कापडाचा हा लवचीक तुकडा पंख्याची थरथर पुढच्या पत्र्यात जाऊ देत नाही. त्यानंतर ब्लोअरच्या लहान चौकोनी तोंडापासून डक्टच्या मोठ्या मापापर्यंत नेणारा निमुळता तुकडा येतो, त्याला ट्रान्झिशन म्हणतात, आणि हाच तुकडा उलट दिशेने माप कमी करीत असेल तर त्याला रिड्यूसर म्हणतात. भिंतीपाशी किंवा छताखाली हवा काटकोनात वळवण्यासाठी बेंड किंवा एल्बो येतो. तुळई चुकवण्यासाठी डक्ट थोडासा वर उचलून पुन्हा सरळ केला तर त्या दुहेरी वळणाला ऑफसेट म्हटले जाते. मुख्य डक्टच्या बाजूला भोक पाडून शाखा काढताना जी कडा बसवतात ती कॉलर, हवेचे प्रमाण कमी-जास्त करणारी आतली झडप म्हणजे डॅम्पर, आणि शेवटी खोलीत दिसते ती जाळी म्हणजे ग्रिल. अनेक शाखा जेथून फुटतात त्या मोठ्या पेटीला प्लेनम म्हणतात. यांतील प्रत्येक तुकड्याची किंमत थोडी असली तरी त्याचा परिणाम मोठा असतो, आणि तो दाखवण्यासाठी थोडे गणित अपरिहार्य आहे.

वाहत्या हवेच्या अंगी वेगामुळे जो दाब असतो तो पास्कल या एककात, सर्वसाधारण घनतेच्या हवेसाठी, वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून मिळतो. म्हणजे सेकंदाला ८ मीटर वेगाने जाणाऱ्या हवेत तो सुमारे ३८ पास्कल असतो. प्रत्येक जोडभाग या दाबाचा ठरावीक हिस्सा खातो, आणि त्या हिश्शाला त्या तुकड्याचा नुकसान-गुणांक म्हणता येईल. आतून-बाहेरून काटकोनी असलेल्या साध्या बेंडचा गुणांक सुमारे १.२ असतो, तर मध्यरेषेची त्रिज्या डक्टच्या रुंदीच्या दीडपट असलेल्या गोल बेंडचा तो ०.२ च्या आसपास असतो. याचा अर्थ, त्याच हवेला वळवताना पहिला बेंड सुमारे ४६ पास्कल गिळतो आणि दुसरा जेमतेम ८. सरळ डक्टमध्ये दर मीटरला साधारण ०.८ पास्कल नुकसान धरून आखणी करण्याची प्रथा आहे, म्हणजे एक काटकोनी बेंड ५५ मीटरहून अधिक सरळ डक्टच्या बरोबरीचा ठरतो. खामगावच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानाची लांबी यापुढे काहीच नाही. तेथे जवळजवळ सगळे नुकसान जोडभागांचेच असते, आणि तरीही दरपत्रकात पत्र्याचे क्षेत्रफळच मोजले जाते.

काटकोनी बेंडपेक्षाही फसवा प्रकार म्हणजे बाहेरची पाठ गोल आणि आतला गळा मात्र काटकोनी ठेवलेला बेंड, जो दिसायला सुबक असतो. हवा वळताना आतल्या कडेपासून सुटते, तेथे भोवरे तयार होतात आणि नळाचा काही भाग वाया जातो, म्हणून त्रिज्येची खरी गरज गळ्याला असते, पाठीला नव्हे. जागेअभावी काटकोनी बेंडच करावा लागत असेल तर त्याच्या आत वाकवलेल्या पट्ट्यांची रांग बसवतात, त्यांना टर्निंग व्हेन म्हणतात. या पट्ट्या हवेचा झोत अनेक अरुंद वळणांत विभागतात आणि गुणांक ०.२ ते ०.३५ च्या दरम्यान खाली आणतात. आकार वाढवणाऱ्या ट्रान्झिशनबद्दलही असाच नियम आहे : हवा आकसताना बरीच घाई सहन करते, पण पसरताना तिला सवड लागते, त्यामुळे मोठे होताना प्रत्येक बाजूचा उतार ४ माप लांबीमागे १ मापापेक्षा जास्त नसावा, आणि शक्य तेथे ७ मापांमागे १ असावा, असे आखणीकार मानतात.

हे नियम जगभर एकच असले तरी घाटाखालच्या कूलरसाठी ते अधिक कठोर होतात, आणि याची कारणमीमांसा फारशी केली जात नाही. पाण्याने भिजलेल्या गवतातून किंवा जाळीदार पॅडमधून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाऊन हवा गार होते. वाळ्याच्या ताट्या भिजवण्याची जुनी रीत, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत खिडकीत बसवले जाणारे थर्मँटिडोट नावाचे हाताने फिरवायचे पंख्याचे खोके, याच तत्त्वावर चालत. बाहेर ४३ अंश तापमान असून ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक २३ अंश दाखवीत असेल, आणि कूलर त्या वीस अंशांच्या अंतरापैकी ८० टक्के कापत असेल, तर बाहेर पडणारी हवा २७ अंशांची असते. खोली ३१ अंशांवर ठेवायची म्हटली तर या हवेच्या हाती फक्त ४ अंशांचा फरक उरतो. वातानुकूलन यंत्र मात्र सुमारे १३ अंशांची हवा देऊन खोली २५ वर ठेवते, म्हणजे त्याच्याजवळ १२ अंश असतात. तेवढीच उष्णता बाहेर काढायला कूलरला तिप्पट हवा लागते. १० किलोवॉट उष्णतेसाठी आणि सेकंदाला ६ मीटर वेगासाठी वातानुकूलनाचा चौरस डक्ट सुमारे ३४० मिलिमीटर बाजूचा पुरतो, तर कूलरचा डक्ट ५९० मिलिमीटर बाजूचा करावा लागतो.

आता दीडपट त्रिज्येचा नियम या मोठ्या डक्टला लावून पाहावा. मध्यरेषेची त्रिज्या ८८५ मिलिमीटर होते आणि बेंडची बाहेरची पाठ वळणाच्या केंद्रापासून जवळजवळ १,१८० मिलिमीटर अंतरावर जाते. छज्जा आणि खिडकीच्या वरच्या चौकटीमधील जागेत एवढा बेंड बसण्याची शक्यता नसते. कारागीर काटकोनी बेंड करतो तो बहुधा अज्ञानामुळे नव्हे, तर घराने त्याला दुसरी जागाच ठेवलेली नसते म्हणून. पंख्याची बाजूही येथे कमकुवत असते. घरगुती कूलरचा पात्यांचा पंखा मोकळ्या हवेत भरपूर हवा फेकतो, पण समोर थोडासा अडथळा आला की त्याची हवा झपाट्याने घटते, कारण दाब निर्माण करणे हे त्याचे काम नव्हेच. ते काम केंद्रोत्सारी ब्लोअरचे, ज्यात हवा चाकाच्या मध्यातून शिरून कडेने फेकली जाते. पात्यांच्या पंख्यासमोर काटकोनी बेंड लावून गार हवेची अपेक्षा करणे हे चाळणीने पाणी भरण्यासारखे आहे, आणि दोष मात्र पंपाला किंवा गवताला दिला जातो. ब्लोअर असला तरी त्याच्या तोंडाला लगेच बेंड देऊ नये, निदान अडीच व्यास लांबीचा सरळ तुकडा मध्ये ठेवावा, आणि जागाच नसेल तर हवा ज्या दिशेने चाकातून फिरत बाहेर येते त्याच दिशेने बेंड वळवावा, हा जाणकारांचा संकेत आहे.

घर आणि जोडभाग यांचा हा संबंध उत्तर अमेरिकेत नेमका उलट बाजूने दिसतो. तेथील लाकडी सांगाड्याच्या भिंती पोकळ असतात, उभ्या लाकडांची जाडी साडेतीन इंचांची ठरलेली असते, आणि म्हणून भिंतीतून वर जाणारा चपटा डक्ट सव्वातीन इंच जाडीचा केला जातो. एकदा हे माप गोठले की त्याला जुळणारे बूट, म्हणजे गोल नळाला जमिनीतील चौकोनी जाळीशी जोडणारे तुकडे, कारखान्यात हजारोंनी तयार करून दुकानाच्या फळीवर ठेवता येतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना जमिनीतल्या जाळीतून येणारी फर्नेसची ऊब ओळखीची असते, पण ती जाळी आणि तळघर यांच्यामधला तुकडा कोणी हाताने घडवलेला नसून तयार मिळालेला असतो. खामगाव किंवा मलकापूरच्या विटांच्या आणि सिमेंटच्या भिंती भरीव असतात. जुनी माळवदाची घरे तर जाड मातीच्या छतावरच उन्हाळा निभावून नेत. येथे डक्ट भिंतीत लपत नाही, तो उघडा लटकतो, झरोक्यातून शिरतो, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाचा असतो, आणि म्हणून जोडभाग शिवलेल्या कपड्यासारखा जागेवर माप घेऊनच करावा लागतो. तयार मालाची व्यवस्था येथे न रुजणे हे मागासलेपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. घराच्या रचनेचा तो सरळ परिणाम आहे.

मापावर घडवण्याच्या या कामाचा गाभा विस्तार हा असतो, म्हणजे तयार तुकड्याचा पृष्ठभाग सपाट पत्र्यावर उलगडून काढलेली आकृती. समान रुंदीच्या नळासाठी समांतर रेषांची, शंकूसाठी एका बिंदूतून निघणाऱ्या रेषांची, आणि चौकोनाचा गोल करणाऱ्या तुकड्यासाठी पृष्ठभाग त्रिकोणांत तोडून प्रत्येक बाजूची खरी लांबी काढण्याची पद्धत वापरली जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शीट मेटल वर्कर या व्यवसायात ही कामे शिकवली जातात. गोल नळाचा बेंड सपाट पत्र्यातून वाकवता येत नाही, म्हणून तो तिरप्या कापलेल्या तुकड्यांचा करतात, आणि पाच तुकड्यांच्या काटकोनी बेंडमध्ये प्रत्येक काप सव्वाअकरा अंशांचा येतो. कापलेल्या कडा दुमडून ज्या शिवणी तयार होतात त्यांत लांबीच्या शिवणीसाठी पिट्सबर्ग लॉक प्रसिद्ध आहे : एका कडेला खिसा, दुसऱ्या कडेला उभी घडी, आणि खिशात घडी बसवून उरलेली पट्टी लाकडी हातोड्याने आडवी पाडायची. एक तुकडा दुसऱ्याशी जोडताना दोन बाजूंना इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची पट्टी आणि उरलेल्या दोन बाजूंना सरकवायची ड्राइव्ह पट्टी लावतात. मोठ्या डक्टला मात्र लोखंडी अँगलची चौकट आणि नटबोल्ट लागतात. खामगाव हे रजतनगरी म्हणून, म्हणजे चांदीच्या कामासाठी, महाराष्ट्रभर नावाजलेले गाव आहे. चांदीचा पत्रा घडवणारा आणि जस्ताचा पत्रा दुमडणारा यांची घराणी व प्रतिष्ठा वेगळी असली तरी पातळ धातू कोणत्या रेषेवर वाकायला राजी होतो आणि कोठे फाटतो याची हाताला असलेली जाण दोघांची सारखीच असते.

पत्र्याच्या जाडीचा प्रश्न मानकांनी बराचसा सोडवला आहे. भारतात डक्टसाठी आयएस ६५५ आणि जस्त चढवलेल्या पत्र्यासाठी आयएस २७७ ही मानके आहेत, आणि निविदांमध्ये रूढ असलेल्या तक्त्याप्रमाणे मोठी बाजू ७५० मिलिमीटरपर्यंत असेल तर ०.६३ मिलिमीटरचा म्हणजे २४ गेजचा, १,५०० पर्यंत ०.८० मिलिमीटरचा म्हणजे २२ गेजचा आणि २,२५० पर्यंत १ मिलिमीटरचा म्हणजे २० गेजचा पत्रा घेतात. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, याने नवख्याचा हमखास गोंधळ उडतो. अमेरिकेतील शीट मेटल ठेकेदारांची स्मॅक्ना ही संस्था १९४३ मध्ये स्थापन झाली, आणि तिची मानके जाडी केवळ मापावर न ठरवता आतील दाब आणि आधाराच्या चौकटींमधील अंतर यांवर ठरवतात, जे अधिक तर्कशुद्ध आहे. कूलरच्या डक्टमधला दाब इतका थोडा असतो की केवळ बळकटीसाठी २४ गेजचीही गरज नसते. तरीही पत्रा पातळ करण्याचा मोह घाटाखाली टाळावा लागतो, आणि त्याचे कारण दाबात नसून पाण्यात आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील भूजल क्षारयुक्त आहे. हे पाणी कूलरमध्ये फिरत राहते, त्यातील शुद्ध पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे साचतात, त्यामुळे टाकीतले पाणी दिवसागणिक अधिक खारट होते. पॅडमधून हवेबरोबर उडालेले बारीक थेंब डक्टमध्ये शिरतात आणि वेग जेथे मंदावतो किंवा दिशा बदलते तेथे, म्हणजे पहिल्याच बेंडच्या पाठीवर आणि ट्रान्झिशनच्या तळाशी, आदळतात. जस्ताचा थर सपाट पृष्ठभागाचे रक्षण बरे करतो, पण कापलेल्या कडेवर आणि घडीच्या बाहेरच्या बाजूला तो तुटलेला किंवा ताणलेला असतो, म्हणून गंज नेमका शिवणीत सुरू होतो. जोडभागात शिवणी जास्त, म्हणून जोडभाग आधी कुजतो. पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त आहे की २७५ ग्रॅम, हा प्रश्न गेजइतकाच महत्त्वाचा असूनही दुकानात तो क्वचितच विचारला जातो. पहिला बेंड किंचित उतार देऊन कूलरच्या दिशेने निथळता ठेवणे, तळाची शिवण बाजूला नेणे आणि टाकीतले पाणी काही दिवसांनी पूर्ण सोडून देणे हे उपाय स्वस्त आहेत, आणि त्यांतील पहिले दोन पत्रा कापण्याआधीच ठरवावे लागतात.

जिनिंगमधील नळांचा इतिहास कूलरच्या डक्टपेक्षा जुन्या व्यापाराशी जोडलेला आहे. हा जिल्हा ज्यात येतो ते वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला विलक्षण मागणी आली, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा निघाला तो मुख्यतः तेथील कापसाच्या बाजारासाठी. आजच्या जिनिंगमध्ये सरकीसह आलेला कापूस ढिगापासून डबल रोलर यंत्रांपर्यंत हवेने ओढून नेण्याची सोय असते. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशनमधून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळाले, त्यात कापसाची हाताळणी यांत्रिक करण्यावर भर होता. येथे हवेचा वेग सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त ठेवावा लागतो, नाहीतर कापूस नळाच्या तळाशी बसतो, आणि या वेगाला काटकोनी बेंडचे नुकसान २८० पास्कलच्या पुढे जाते. कूलरवाल्याला चुकीच्या बेंडची शिक्षा उकाड्याच्या रूपाने उशिरा मिळते. जिनवाल्याला ती लगेच मिळते, कारण नळ तुंबतो. म्हणूनच जिनिंगचे बेंड लांब त्रिज्येचे, गोल, बाहेरच्या पाठीला जाड पत्रा लावलेले आणि आतली शिवण हवेच्या दिशेने झोपवलेले असतात, जेणेकरून तंतू कडेला अडकून गोळा होऊ नयेत. एकाच गावात, कित्येकदा एकाच रस्त्यावर, हे शहाणपण कारखान्यात रूढ असताना मंगल कार्यालयाच्या कूलरपर्यंत ते पोचत नाही ही विसंगती या आढाव्यात सर्वांत ठळक वाटते.

गळतीचा प्रश्न त्या मानाने गौण आहे, पण सोडून देण्यासारखा नाही. अमेरिकेतील घरांच्या डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी आणि सैल सांध्यांतून वाया जाते असे एनर्जी स्टार या तेथील सरकारी कार्यक्रमाचे सांगणे आहे. गंमत अशी की डक्ट टेप या नावाने विकली जाणारी कापडी चिकटपट्टी डक्टचे सांधे बंद करण्यासाठीच निकामी असल्याचे लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या १९९८ मधील चाचण्यांत दिसले. उष्णतेने तिचा चीक सुकतो. ब्रशने लावायचा जाड लेप किंवा सांध्यात बसवायची रबरी पट्टी टिकते. कॅनव्हासच्या पट्टीची एक बाजू मात्र सुरक्षिततेची असून ती सहसा लक्षात येत नाही : कापड वीज वाहू देत नाही, त्यामुळे कूलरच्या पेटीला अर्थिंग असले तरी पट्टीपलीकडचा सगळा डक्ट त्यापासून तुटलेला राहतो, आणि डक्टला टेकून गेलेली एखादी सोललेली वायर त्यात वीज सोडू शकते. पट्टीवरून तांब्याची एक तार दोन्ही बाजूंच्या पत्र्याला पक्की जोडणे एवढाच यावरचा उपाय आहे.

शेवटचा जोडभाग बहुधा बसवलाच जात नाही, तो म्हणजे हवा बाहेर जाण्याची वाट. वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा ओढून घेते, म्हणून तेथे दारे-खिडक्या बंद ठेवतात. कूलर मात्र सतत बाहेरची ओलसर झालेली हवा आत ढकलतो, आणि तिला निघायला मार्ग नसेल तर खोलीतली आर्द्रता वाढत जाऊन घाम सुकत नाही, शिवाय आतला दाब वाढून डक्टमधून येणारी हवाच कमी होते. खोलीच्या पलीकडच्या बाजूला उंचावर, गार हवा येण्याच्या तोंडाहून लहान नसलेली जाळी असली की निम्मी तक्रार मिटते. पावसाळा लागला की ओल्या हवेत कूलर निरुपयोगी होतो आणि आठ-नऊ महिने डक्ट रिकामा लटकत राहतो. या काळात त्यात चिमण्या घरटी करतात, उंदीर शिरतात, आणि जूनची पहिली सर बाहेरच्या ट्रान्झिशनमध्ये साचून तळाचा पत्रा खाते. डक्ट भिंतीत शिरतो तेथे सरकवून बंद करता येईल असा साधा डॅम्पर आणि बाहेरच्या सर्वांत खालच्या तुकड्याला बोटभर जाडीचे निचऱ्याचे भोक, एवढे काम पत्रा जमिनीवर असतानाच करून घेतले तर मार्चमध्ये पुन्हा शिडी लावावी लागत नाही.